भोंग्याचं वाक्य

तो कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून तो साचा काढायचा, साच्यावर मेण चढवायचा, मेणात एकेक दात रोवायचा आणि शेवटी घासूनपुसून ती गुलाबी-पांढरी वस्तू डबीत घालून परत पाठवायचा. तळमजल्यावरची मागची खोली, एक खिडकी, एक टेबल, घासायचं यंत्र, प्लास्टरनं पांढरा पडलेला रेडिओ आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. एवढ्या तोंडांच्या सहवासात तीस वर्षं काढूनही हा माणूस स्वतः मात्र तोंडातल्या तोंडात बोलायचा. सगळ्यांत जास्त काम पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाई फोनवर तीनतीनदा "काय? काय म्हणालात?" असं विचारायच्या. बायको म्हणायची, "अहो, साच्याशी बोलताय की माझ्याशी?"

हाच माणूस दर रविवारी दुपारी फुटबॉलच्या मैदानावर, पूर्वेकडच्या गॅलरीत, खालून चौथ्या ओळीत जाऊन बसला की त्याचं नाव भोंगा व्हायचं. एवढ्याशा छातीतून तो आवाज कुठून यायचा, देव जाणे. पलीकडच्या गॅलरीतले लोकसुद्धा माना वळवायचे. भोंगा शिव्या मात्र देत नसे. शिव्या काय, कुणीही देतो, असं त्याचं म्हणणं. तो वाक्य टाकायचा. एका सामन्याला एक, फार तर दोन. पाहुण्यांच्या गोलकीपरला चष्म्याचा नंबर विचारायचा, आपल्याच संघातल्या जाड्याला "वळताना दिवा दाखव" म्हणून सांगायचा. चारशे माणसं खो खो हसायची. त्याच्या शेजारी अठरा वर्षं पोस्टमास्तर बसायचे, निवृत्त झाले तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. ते डोळे पुसत पुसत ते वाक्य मागच्या ओळीला पुन्हा सांगायचे, जणू मागच्या ओळीला ते ऐकू आलंच नसेल.

ज्याला उद्देशून वाक्य टाकलं, त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या गॅलरीत कुणाला पडला नव्हता. खेळाडू खाली होते, मध्ये कठडा होता, आणि तिकीट काढलंय म्हणजे तोंड सोडायचा परवाना मिळालाच, अशी सगळ्यांची समजूत होती.

घरच्या संघात डाव्या बाजूला बचावाला डावखुऱ्या खेळायचा. वय तेहतीस, त्यातली चौदा वर्षं याच संघात. धिप्पाड नाही, देखणा नाही, चपळाईसुद्धा आता कमी झालेली, पण नाकासमोर बघून खेळणारा. त्याच्या आईचा ठसा भोंग्याच्या टेबलावर आला तो डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन आल्या.

"ही आपल्या डावखुऱ्याची आई, बरं का," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मोठं आजारपण झालं, त्याच्या उपचारांत सगळे दात गेले बिचारीचे. जीव ओतून करा. आणि हे आपल्या दोघांतच ठेवा. तिनं शेजारणीलासुद्धा सांगितलेलं नाही."

"मी कुणाला सांगतोय?" तो म्हणाला. "माझं बोलणं तुम्हालाच ऐकू येत नाही."

दोघंही हसली. त्या क्षणी तो अगदी खरं बोलत होता.

त्यानं आईचा जुना फोटो मागवून घेतला. चांगला कारागीर मागवतोच. फोटोत ती घराच्या पायरीवर बसून मनमोकळं हसत होती आणि तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला दिसत होता. "खरे दात कवायतीला उभे राहत नाहीत," असं तो नेहमी म्हणायचा. त्यानं तो दात तसाच चढवला. हिरड्यांना एकसारखा गुलाबी रंग न देता मध्येमध्ये फिका ठेवला. पाच दिवस लागले. तीस वर्षांत इतकं देखणं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. माशी शिंकली ती इथेच.

शेवटचा हात फिरवताना, यंत्राच्या घरघरीत, त्याच्या डोक्यात ते वाक्य आपोआप तयार झालं. तो एकटाच हसला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं ते मनातल्या मनात बाजूला सारलं. असलं काही बोलायचं नसतं, हे त्याला चांगलं कळत होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. कळत नसतं, तर निदान मूर्ख म्हणून सुटता तरी आलं असतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो सामना झाला. बरोबरी चालली होती. उत्तरार्धात डावखुऱ्यानं मागे द्यायचा म्हणून एक पास दिला, तो थेट पाहुण्यांच्या पायात गेला आणि पुढच्या चार सेकंदांत गोल झाला. गॅलरी खवळली. भोंगा त्या दिवशी गप्पच होता, घसा बसल्याचं निमित्त त्यानं केलं होतं. पोस्टमास्तरांनी कोपरानं ढोसलं. "काय रे, आज भोंगा बंद? अशा दिवशी?" मागून कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, टाक की एक!" ओळीच्या ओळी त्याच्याकडे बघायला लागल्या. आठवडाभर ज्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याला चारशे माणसांनी एकदम बघितलं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तेवढ्यात चेंडू बाहेर गेला आणि तो आत फेकायला डावखुऱ्या नेमका त्यांच्यासमोरच कठड्याशी आला.

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"डावखुऱ्या, पायानं जमत नसेल तर आईची कवळी घाल, आणि चावून धर चेंडू!"

गॅलरी फुटली. वाक्य फार चांगलं बसलं होतं, हे त्यालाही जाणवलं आणि छातीत एक गरम लाट उठली. मागच्या पोरांनी लगेच ताल धरला, "क-व-ळी! क-व-ळी!" त्यांना त्यातलं खरंखोटं काय ठाऊक? त्यांच्या लेखी ती एक नुसती गंमत होती.

डावखुऱ्या चेंडू डोक्यावर धरून उभा होता. त्यानं एकदा वर, छपराखालच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग चेंडू खाली ठेवला. हळूच, अंडं ठेवावं तसा. आणि कठडा ओलांडून तो गॅलरीत चढला.

"कोण बोललं?"

ताल तुटला. जवळून तो टीव्हीवर दिसायचा त्याहून बारीक दिसत होता. कपाळावर घाम होता, गुडघा खरचटलेला होता.

"कोण बोललं ते? उभं राहा ना. मी इथे आलोय, तुम्हाला खाली यायची गरज नाही."

मघाशी आभाळ डोक्यावर घेणारी चारशे माणसं मूग गिळून बसली. संघाचा कप्तान धावत कठड्याशी आला. त्याला डावखुऱ्याला मागे ओढायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून तोही गॅलरीकडे वळला आणि म्हणाला, "सांगून टाका कुणी बोललं ते. संपवू इथल्या इथे." कुणी हललं नाही. डावखुऱ्याची नजर ओळीवरून सरकत भोंग्यापर्यंत आली. टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला, बुटांकडे बघत बसलेला एक पन्नाशीचा माणूस त्याला दिसला, आणि नजर पुढे गेली. हा माणूस असं काही बोलेल, असं त्याला वाटलंच नाही. शेजारच्या पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र मघाचं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. भीतीनं ते पुसायचं राहून गेलं होतं.

"तुम्ही?" डावखुऱ्या म्हणाला.

पोस्टमास्तरांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून. डावखुऱ्यानं त्यांची कॉलर धरली. चष्मा पडला, पायाखाली गेला. भोंग्याचं तोंड उघडलं होतं. अख्खं मैदान दणाणून सोडणारा आवाज तिथेच होता आणि शब्द एकच लागणार होता, "मी". तो निघाला नाही. कप्तान कठड्यावरून झेपावला, त्यानं डावखुऱ्याला मिठीत धरून खाली नेलं, आणि पंचांनी लाल कार्ड दाखवलं.

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "अहो, बातम्यांत दाखवतायत, तुमच्याच बाजूला झालं ना? काय बोललं कोण त्याला?"

"मला ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पुन्हा विचारलं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते त्याला पुढच्या दोन आठवड्यांत पुरतं कळलं. शिस्त समितीनं डावखुऱ्याला बोलावलं होतं. प्रेक्षकावर हात टाकला, तोही म्हाताऱ्यावर. एका वर्षाची बंदी होणार असं सगळे म्हणत होते. तेहतिसाव्या वर्षी एक वर्षाची बंदी म्हणजे कायमचंच घरी बसणं, हे सांगायला ज्योतिषी नको. कोणी आईवरून बोललं असेल तर शिक्षा कमी होते, असं पेपरात आलं होतं. पण डावखुऱ्या काय बोलणं झालं ते सांगायला तयार नव्हता. गॅलरीतल्यांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं, त्यामुळे बाहेरच्यांनी तर्क लढवले, कुणी पैशांचं काढलं, कुणी दारूचं. पोस्टमास्तर भोंग्याच्या खोलीवर आले, नवा चष्मा दाखवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू कशाला चेहरा पाडून बसलायस? मी मेलो तरी तुझं नाव घेणार नाही. अठरा वर्षांची दोस्ती आहे. आणि कवळीचं काय एवढं लागायचं माणसाला? तू काय हवेतून काढलंस, तो मनाला लावून बसला."

हवेतून. त्यांना खरंच तसं वाटत होतं. भोंग्यानं त्यांना चहा दिला. मित्र चांगला निघाला की माणसाला किती वाईट वाटू शकतं, हे त्याला तेव्हा कळलं.

मग ती डबी परत आली. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती, 'पेशंट म्हणते, बसत नाही. बघावे.' त्यानं साच्यावर लावून पाहिली. तंतोतंत. त्यानं तशीच परत पाठवली. तीन दिवसांनी पुन्हा आली, 'पेशंट घालत नाही. काहीतरी दोष आहे म्हणते.' तिसऱ्या वेळी फोनच आला. "तुम्हीच या. समोर बसवून बघू. मला तर काही सापडत नाही."

आई खुर्चीत बसली होती. फोटोतल्यापेक्षा निम्मी झाली होती, ओठ आत गेले होते. डॉक्टरीणबाईंनी ओळख करून दिली, हेच ते, ज्यांनी केली. आईनं त्याला हात जोडले.

"काम फार सुंदर केलंत हो," ती म्हणाली. दात नसल्यानं शब्द मऊ येत होते. "घातली त्या दिवशी आरशात बघून रडले मी. माझा तो चढलेला दातसुद्धा तुम्ही केलात. म्हटलं, आता पोराचा सामना बघायला जाईन. दीड वर्षानं बाहेर पडले."

"मग आता का घालत नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कळतं ना ती." आई त्याच्याकडेच बघून बोलत होती. "कुठून तरी कळतं. मैदानावर एक जण ओरडला, आईची कवळी म्हणून. इतक्या लांबून त्याला दिसलं. तेव्हापासून मी रोज आरशासमोर बसते. हसून बघते, बोलून बघते, मला सापडत नाही. तुम्ही केलीय, तुम्हाला कळेल. काय दिसतं हो माझ्या तोंडात? तेवढं फक्त नीट करून द्या."

त्यानं डबीतून कवळी हातात घेतली. प्रकाशाकडे धरली. करायचं म्हणून केलं. एखादी जागा घासल्यासारखं करून परत देता आलं असतं. "आता बघा, झालं," असं म्हणता आलं असतं, आणि आईनं विश्वासही ठेवला असता. हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि आपल्या डोक्यात असंही येऊ शकतं याची त्याला शिसारी आली.

"यात दोष नाही, ताई," तो म्हणाला.

"मग त्याला कळलं कसं?"

डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता थांबल्या. त्यांना कळलं होतं. त्या घराबाहेर दोनच माणसांना ठाऊक असलेली गोष्ट होती ती, आणि त्यांतल्या एक त्या स्वतः होत्या.

"मी बोललो ते," तो म्हणाला. "मला माहीत होतं म्हणून बोललो. कुणाला काही दिसत नाही, ताई. शपथेवर सांगतो. कुणालाही दिसणार नाही."

आईनं त्याच्या हातातली कवळी घेऊन डबीत ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खरोखर समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "माझं काही चुकलं होतं का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग माझ्या मुलाचं?"

त्यानं खरं तेच सांगितलं.

"त्यानं एक पास चुकीचा दिला होता."

आईनं मान हलवली. एवढंच का, अशी. मग ती खुर्चीतून स्वतःच उठली, आधाराचा हात नाकारला. "गुरुवारी त्याला बोलावलंय," ती म्हणाली. "माझी लाज राहावी म्हणून तो सांगत नाही. मी सांगते म्हटलं, तर मला सांगू देत नाही. आता तुम्ही सांगा."

ती गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझे जेवढे ठसे तुमच्याकडे आहेत, तेवढे उद्या परत पाठवा." वीस वर्षांचं काम एका वाक्यात संपलं. त्यानं "बरं" म्हटलं. एवढ्या हळू, की त्यांनी "काय?" असं विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही.

बुधवारी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, ती पुसतच राहिली. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं म्हणालात ना, तेव्हा. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले." मग म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घालून जा."

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, तीन माणसं, टंकलेखनाला एक कारकून आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्या. डावखुऱ्या एका खुर्चीत गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता, शेजारी आई. पोस्टमास्तरही आले होते. भोंग्याला बघून त्यांनी हळूच हातानं खूण केली, घाबरू नकोस, मी सांभाळतो. भोंग्यानं नजर चुकवली आणि टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मी बोललो होतो," तो म्हणाला. पोस्टमास्तरांनी मान खाली घातली.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय बोललात? नेमके शब्द सांगा. नोंद करायची आहे."

त्यानं सांगितले. तोंडातल्या तोंडात, नेहमीसारखे.

कारकून म्हणाला, "साहेब, ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं आणि थांबत थांबत सांगा. मला लिहायचंय."

मग त्याला ते वाक्य शब्दाशब्दानं सांगावं लागलं. डावखुऱ्या. टकटक. पायानं जमत नसेल तर. टकटक. आईची. त्यानं मधे पाणी मागितलं, कुणीतरी पेला पुढे केला. कवळी घाल. टकटक. आणि चावून धर चेंडू. एवढंसं ते वाक्य संपता संपत नव्हतं. शांत खोलीत, दिवसाउजेडी, एकेक शब्द सुटा करून ऐकला तर त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिथे कुणी हसलंही नाही.

"ही माहिती खरी होती?"

"होती. ती कवळी मी केली होती. मला कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं."

"खेळाडूनं वर येऊन विचारलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"बुटांकडे बघत बसलो."

तेही लिहिलं गेलं. अध्यक्ष डावखुऱ्याकडे वळले. "हे तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही हेच शब्द ऐकलेत ना?"

डावखुऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. त्यानं भोंग्याकडे पाहिलं, आणि आज ती नजर त्याच्यावरून पुढे सरकली नाही.

"मी नीट ऐकले नव्हते," तो म्हणाला. "असलं काही ना काही रोजच ओरडतात. चौदा वर्षं ओरडतायत. मी एकदाही वर चढलो नाही. त्या दिवशीसुद्धा चेंडू फेकणारच होतो. फक्त आई कुठे बसलीय म्हणून वर पाहिलं. ती मघापासून हसत होती, दीड वर्षानं हसत होती. आणि मी पाहिलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं."

खोलीत यंत्राचा आवाज थांबला. कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं. "साहेब, हे लिहू का?"

अध्यक्षांनी आईकडे पाहिलं. भोंगा उभा होता तिथेच उभा होता. खुर्चीतून आईचा आवाज आला, मऊ पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"लिहा," ती म्हणाली.